हरायला काहीच नसलेलं टेबल

कतारमध्ये कॅसिनो नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अंक वाचून पत्ता विचारणारे फोन यायला नकोत. इथे जुगाराला कायद्यानं बंदी आहे. आणि तरीही मी दोह्यात, अल सद्दमधल्या एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, सात महिने पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले. ते नक्की काय चाललं होतं, हे मला त्या सात महिन्यांत समजलं नाही. आता लिहायला बसल्यावर समजेल असं वाटलं होतं, पण तसंही काही दिसत नाही.

मी मार्था. माहेर आणि सासर दोन्ही वसईचं. लग्नाआधी आणि नंतरही, मिळून नऊ वर्षं, मी गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर डीलर होते. माझी आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची, ‘पोरगी हॉटेलात आहे.’ ते अगदीच खोटं नव्हतं. डीलर म्हणजे पत्ते पिसून वाटणारी बाई. ती स्वतः खेळत नाही. तिच्या युनिफॉर्मला खिसा नसतो. टेबलावरून उठताना दोन्ही हात उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे असतात, की बघा, काही लपवलेलं नाही. ही सवय अंगात इतकी मुरते की घरी पोळ्या लाटून झाल्या की आजही मी ओट्यापाशी तसेच हात फिरवते. माझा नवरा स्टीफन म्हणतो, “बरं बरं, कळलं, काही चोरलं नाहीस.”

आणखी एक नियम असतो, तो कुठल्याच कागदावर नसतो. टेबलावरचं टेबलावर. कोण आलं, कोण किती वेळ बसलं, कसा चेहरा करून उठलं, हे बाहेर बोलायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरच्यांपाशी तर अजिबातच नाही. मला या नियमाचा अभिमान होता. पुढे याच नियमानं माझी पंचाईत केली.

स्टीफनला दोह्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा मीही आले आणि पत्ते सुटले. मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहू लागले. बारा वर्षं ‘वेलकम सर, वेलकम मॅडम’ केलं. मग नवा मॅनेजर आला, फादी नावाचा, लेबनानचा. त्यानं सगळ्यांच्या जुन्या फायली चाळल्या आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“मार्था, तू पोकर डीलर होतीस?”

मी घाबरलेच. म्हटलं, “सर, फार जुनी गोष्ट आहे.”

“ग्रेट! आपण पोकर रूम काढतोय. पैसे नाहीत, एंट्री फी नाही, बक्षीस नाही. नुसता खेळ. बुद्धिबळासारखा.”

“मग हॉटेलला काय मिळणार?”

“लोक बसतील, चहा पितील, सँडविच खातील. यल्ला, तयारीला लाग.”

जुन्या स्नूकरच्या हॉलमध्ये तीन टेबलं लागली. वर हिरव्या शेडचे दिवे, खाली जाड गालिचा, चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, नव्या कोऱ्या पेट्या. भिंतीवर इंग्रजीत आणि अरबीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथे पैसे लावायला सक्त मनाई आहे. पहिल्या दिवशी मी पत्ते हातात घेतले आणि पंख्यासारखे पसरले. बोटं विसरली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकून ठेवायचे. मधे पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यांत भारी, तो जिंकला. पण खरा खेळ पत्त्यांचा नाही. आपल्या हातात काही नसताना चिप्सचा ढीग पुढे सरकवायचा आणि समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला, म्हणजे डाव सोडायला लावायचं, हा खरा खेळ. आणि माणूस घाबरायला हवा असेल तर त्याच्यापाशी गमावण्यासारखं काहीतरी असायला लागतं.

इथे कोणापाशीच काही नव्हतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. पहिल्या डावाला पहिल्या माणसानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. दुसऱ्यानं ढकलल्या. तिसऱ्यानंही. कोणी पत्ते टाकेचना. दोन मिनिटांत आठपैकी सात जण बाद, आणि उरला एक मल्याळी अकाउंटंट. तो समोरचा ढीग बघत बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “देन?”

मी फादीकडे बघितलं. फादी म्हणाला, “काँग्रॅच्युलेशन्स!”

अकाउंटंटनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो सँडविच न खाताच गेला.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला अबू खालिद नावाचे एक वयस्कर कतारी गृहस्थ येत. जपमाळ घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, खेळत मात्र नसत. एकदा त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारलं, “हा जिंकला तर त्याला काय मिळतं?”

“काही नाही, बाबा.”

“हरला तर काय जातं?”

“काही नाही.”

“मग तो रागावला कशाला?”

तेव्हा टेबलावर खरंच एक जण तोंड पाडून बसला होता. मी पुढचा डाव वाटायला घेतला. अबू खालिद मात्र रोज येत राहिले. मला वाटतं, ते उत्तरासाठीच येत असावेत.

अशा त्या गोंधळलेल्या खोलीत एका दुपारी नगरकर आले.

पन्नाशीतले, नाशिककडचे, दुखानला तेलाच्या फील्डवर पंपांचे इंजिनिअर. म्हणजे नुसतं पोकर खेळायला हा माणूस तासभर गाडी चालवत वाळवंट ओलांडून आला होता. माझा बॅज वाचून म्हणाले, “मराठी का? वा. द्या पत्ते.” आणि खेळायला बसले ते असे बसले, की टेबल बदललं. ते सरसकट चिप्स ढकलत नसत. विचार करत, पत्ते टाकत, थांबत, आणि मग एकदम असा शांतपणे ढीग सरकवत की समोरचा चक्क घामाघूम होई. हरायला काही नसलेल्या टेबलावर त्यांनी लोकांना घाबरायला शिकवलं. दोन आठवड्यांत खोली गच्च भरू लागली. कोणी मोठ्यानं बोलेना. चिप्सचा टकटक आवाज आणि एसीची घरघर, बाकी शांतता. फादी खूश होता. मीही होते. खरी पोकर रूम कशी असते हे मला माहीत होतं, आणि ही तशी झाली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नगरकरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. माझे हात थांबले. हे घड्याळ असं उपडं ठेवणारा माणूस मी पूर्वी पाहिला होता.

मांडवीवरच्या बोटीत. बारा वर्षांपूर्वी, नोकरीतले माझे शेवटचे महिने होते. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला माणूस सकाळपासून घड्याळ उपडं ठेवून माझ्या टेबलावर होता आणि सारखा हरत होता. दुपारी तीनला माझी पाळी संपली, तेव्हाही तो उठला नव्हता. मी लाँचनं जेट्टीवर आले तर तिथे एक बाई उभी होती. शेजारी सूटकेसवर पाचेक वर्षांची मुलगी बसलेली. माझा युनिफॉर्म बघून बाई पुढे आली.

“ताई, आत नगरकर म्हणून कोणी आहेत का हो? निळा चौकडीचा शर्ट. सकाळी अर्ध्या तासात येतो म्हणाले. आमची गाडी गेली.”

मी दहा मिनिटांपूर्वी त्यालाच पत्ते वाटून आले होते. मी म्हटलं, “सॉरी मॅडम, आम्हाला कस्टमरबद्दल सांगता येत नाही.”

“आहेत की नाहीत, एवढंच सांगा. मी इथे थांबू की जाऊ?”

“सॉरी मॅडम.”

तिनं माझ्या बॅजकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मी स्कूटर काढली आणि घरी गेले. नियम पाळला होता. त्या दिवशी मी जेवले नाही, एवढंच आठवतं.

आता तोच माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला मी आठवत नव्हते. त्यात नवल नाही. खेळणाऱ्याला डीलरचे फक्त हात दिसतात.

महिन्याभरानं एका शुक्रवारी दुपारी, खोली उघडायच्या आधी, एक बाई आत आल्या. सलवार-कमीज, खांद्याला पर्स. मी लगेच ओळखलं, जेट्टीवरच्या त्याच. त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, “मी शुभदा नगरकर. आमचे हे इथे येतात.”

मी चिप्स रचत राहिले.

“इथे पैसे लावतात का?”

“नाही वहिनी. अजिबात नाही.” हे सांगायला मला कुठलाच नियम आडवा येत नव्हता, म्हणून मी दोनदा सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “गोव्यात यांनी फार घालवलं होतं. नाशिकचं राहतं घर गेलं. मग दुखानची नोकरी आली, तेव्हा मी म्हटलं, चला, त्या देशात हे काही नाहीच. बारा वर्षं सगळं नीट होतं. म्हणजे, नीट म्हणजे काय, ते गप्प गप्प असायचे. आता इथे यायला लागल्यापासून घरी बोलतात, हसतात, मुलीची चेष्टा करतात. माणूस परत आल्यासारखा वाटतो. मग मला भीती का वाटते हो?”

हे टेबल म्हणजे त्यांचं औषध होतं की जुनंच दुखणं, हे मी रोज समोर बसूनही सांगू शकत नव्हते.

“तुम्ही समोर असता,” त्या म्हणाल्या. “कधी पैसे दिसले तर मला कळवाल?”

“बघू,” मी म्हटलं. त्यांनी कागदावर फोन नंबर लिहून ठेवला आणि चहा न घेता गेल्या. जेट्टीबद्दल मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत.

पुढे दीड महिना काही झालं नाही. मग एका बुधवारी डाव संपल्यावर नगरकर मागे रेंगाळले.

“मार्था, पुढच्या शुक्रवारी दुपारी मोकळ्या आहात? समैस्माला एक व्हिला घेतलाय, आमच्यातलेच पाच जण आहेत. समुद्र, जेवण, आणि थोडे पत्ते. तुम्ही फक्त वाटायला या. तुमचं काय ते देऊ.”

मी विचारलं, “नुसते पत्ते?”

ते हसले. “इथे मी एवढं चांगलं खेळतो. कशासाठी? तुम्हीच सांगा. तुम्ही खेळ जाणता. हे असं किती दिवस खेळायचं?”

“साहेब, इथे पकडलं तर जेल आहे. नंतर डिपोर्ट. वहिनी, मुलगी...”

“घरगुती आहे हो. कोणाला कळणार?”

खरं सांगायचं तर माझ्या मनात सगळ्यात आधी भीती आली नाही. खरा डाव वाटायला मिळणार, हे आधी आलं. बोटांना हुरूप आला. मग भीती आली, आणि मग स्वतःचा राग. मी “बघते” म्हटलं. मला ठामपणे नाहीसुद्धा म्हणता आलं नाही.

घरी स्टीफनला सांगितलं. तो ताटावरून उठून उभाच राहिला. “तू जाणार नाहीस, हे तर झालंच. पण कोणाला सांगायचंही नाही. आपला व्हिसा आहे, पोराची शाळा आहे. लोकांच्या घरात आपण कशाला शिरायचं?”

“ती बाई मला विचारून गेलीय.”

“मग फादीला सांग.”

फादीला सांगितलं तर तो खोली बंद करेल, कदाचित वर कळवेल, आणि सहा घरं अडकतील. न सांगितलं तर तेच सगळं समैस्मात होईल. आठवडाभर मी सकाळच्या वेळी रिसेप्शनवर लोकांना चुकीच्या खोल्यांच्या किल्ल्या देत होते. नगरकरांना मी मेसेज करून येणार नाही एवढं कळवलं. पण तेवढ्यानं काय होणार होतं? पत्ते कोणीही वाटू शकतं.

गुरुवारी सकाळी मी स्टीफनची गाडी घेतली आणि दुखानला गेले. नगरकर ड्यूटीवर होते. शुभदावहिनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, “पैसे दिसले?”

“अजून नाही. उद्या दिसतील.” मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच. मग म्हटलं, “वहिनी, अजून एक आहे. गोव्यात जेट्टीवर तुम्ही मला विचारलं होतं...”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव वाचलं होतं तेव्हा. यांनी घरी सांगितलं, तिथे मार्था म्हणून आपल्या मराठी बाई आहेत, मॅनेजर म्हणतो गोव्याला होत्या. म्हणूनच मी बघायला आले होते. तुम्हीच का ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलताय का ते बघत होते.” त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. “त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत उभ्या होतो, मार्था. तुम्ही ‘आहेत’ म्हणाला असतात तर मी पोरीला काहीतरी खाऊ घालून आणलं असतं. जागा सोडली आणि ते आले तर, म्हणून हलले नाही.”

मी बारा वर्षं समजत होते की मी सांगितलं असतं तर त्यांचं घर वाचलं असतं. घराचं काही झालं नसतं. एक मुलगी जेवली असती, एवढंच. पण हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारचं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नगरकर निघाले तशा त्या आणि ईशा, त्यांची मुलगी, जाऊन गाडीत बसल्या. ते म्हणाले, “तुम्ही कुठे?” त्या म्हणाल्या, “समैस्माला. आम्हालाही समुद्र बघायचाय.” दुखान ते समैस्मा, गाडीनं सगळा देश आडवा ओलांडला. व्हिलापाशी गाडी थांबली. बाहेर ओळीनं चार गाड्या उभ्या होत्या. आतून एक जण येऊन हात हलवून गेला. नगरकर इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“मार्थानं.”

त्यांनी गाडी मागे घेतली. समुद्राकडे गेलेच नाहीत, थेट घरी आले. आतल्यांनी त्या दिवशी काय केलं ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते खोलीत आले. खेळायला बसले नाहीत. टेबलापलीकडे उभं राहून हळू आवाजात म्हणाले, “डीलरनं बोलायचं नसतं.”

“माहीत आहे, साहेब.”

“माझा तुमच्यावर भरवसा होता.”

“हो.”

त्यांनी आणखी काही म्हणावं म्हणून मी वाट पाहिली. ते गेले. धंद्याच्या हिशेबानं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझी चूक झाली असं मला वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचा विचार करत मी पुढचा डाव वाटला आणि एकाला तीन पत्ते दिले. नऊ वर्षांत कधी झालं नव्हतं.

नगरकर येईनासे झाले आणि खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली. पुन्हा सगळे पहिल्या डावाला सगळ्या चिप्स ढकलू लागले. अबू खालिदांनी एक दिवस खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “तो दुखानवाला कुठे गेला? त्याला काहीतरी माहीत होतं.” मी खांदे उडवले. दोन महिन्यांनी फादी म्हणाला, “खलास, मार्था. सँडविच खपत नाहीत.” तिथे आता लहान मुलांचे वाढदिवस होतात. मी परत पूर्णवेळ रिसेप्शनवर आहे.

गेल्या महिन्यात शुभदावहिनींचा फोन आला. नगरकर पुण्याच्या एका डॉक्टरांशी दर आठवड्याला व्हिडिओवर बोलतात म्हणाल्या. कधी बरे असतात, कधी आठवडाभर चिडचिड. “आणि आता ईशा म्हणते, आपण घरी मेंढीकोट खेळू. तिला आजीनं शिकवलंय. मी नको म्हटलं. ती म्हणते, ‘लेट हिम प्ले, आई. विथ अस.’ तुम्हाला काय वाटतं? तुम्ही एवढी वर्षं या धंद्यात काढलीत.”

मी म्हटलं, “वहिनी, मला खरंच माहीत नाही.”

“मलाही नाही. पण चार जण लागतात, आणि आम्ही तिघंच आहोत. याल?”

मी आयुष्यात कधी खेळलेले नाही. डीलर खेळत नाही. तरी शुक्रवारी गेले. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचा रुमाल टाकलेला, बाजूला भाताचा कुकर. नगरकरांनी मला “या” म्हटलं, त्याहून जास्त काही नाही. ईशा आता सतरा वर्षांची आहे. तिनं पत्ते पिसले, निम्मे खाली पाडले, गोळा केले आणि वाटले. मी आणि नगरकर भिडू. मेंढीकोटात दश्श्या मारायच्या असतात. मला हुकूम कधी काढायचा ते कळेना, आणि पहिल्याच डावात मी आमची दश्शी घालवली. नगरकर म्हणाले, “अहो मार्था, काय हे! पत्ते वाटायला येतात, खेळायला येत नाहीत?” आणि ते हसले. मोठ्यानं हसले. वहिनीही हसल्या.

चार डाव झाले. चारही डाव आम्ही हरलो. नगरकर आता हसत नव्हते. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. पाचवा डाव हरल्यावर त्यांनी स्वतःच पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.

“अजून एक,” ते म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं. तो आवाज आम्हा दोघींच्या ओळखीचा होता, की आम्हालाच तसा ऐकू आला? कोणाला विचारणार होतो! घरोघर पत्ते खेळणारी माणसं असंच म्हणत असतील.

ईशानं टेबलावर हात पुढे केला, तळवा वर करून.

“नो बाबा. खलास. मला भूक लागलीय.”

नगरकरांनी पिसणं थांबवलं. तिच्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी पत्त्यांचा जोड नीट जुळवला, चारही कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, आणि तिच्या हातात दिला.